चर्चच्या नोंदवहीतून सरकारी दप्तरात : एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचं ऐहिकीकरण, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकात युरोपातले समाज धर्माच्या पकडीतून सुटले, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कसे सुटले, हे मात्र कुणी सांगत नाही. इथे मुख्यतः इंग्लंडबद्दल लिहिलं आहे. तिथली प्रक्रिया सावकाश झाली, कायद्याच्या कागदांवर तिचे ठसे स्पष्ट आहेत आणि तिचे काही धागे थेट आपल्यापर्यंत येतात. अधूनमधून माझी मतं येतील, ती तशीच वाचावीत.

नेमकं बदललं काय?

१८२० च्या सुमाराचा इंग्लंडमधला एखादा बाप्टिस्ट दुकानदार घ्या. ख्रिस्तीच, भाविक, पण चर्च ऑफ इंग्लंडचा, म्हणजे तिथल्या सरकारी चर्चचा नव्हे. त्याला लग्न करायचं तर ज्या पंथाचा तो नाही त्याच्या चर्चमध्ये, त्याच्या पाळकासमोर करावं लागे. १७५३ च्या विवाह कायद्याने सवलत दिली होती ती फक्त ज्यू आणि क्वेकर मंडळींना. मूल झालं तर कायद्याने ग्राह्य धरली जाणारी जन्मनोंद नव्हती. होती ती चर्चच्या वहीतली बाप्तिस्म्याची नोंद, आणि बाप्टिस्ट तर तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतच नाहीत. घरात कुणी गेलं तर गावची दफनभूमी चर्चची, आणि तिथे प्रार्थना म्हणणार तो पाळकही चर्चचा. मृत्युपत्राचा निकाल चर्चच्या कोर्टात. मुलगा हुशार निघाला तरी ऑक्सफर्डला प्रवेश घेतानाच चर्च ऑफ इंग्लंडची शिकवण सांगणाऱ्या ३९ कलमांवर सही करावी लागे. शिवाय ज्या चर्चमध्ये तो पाऊल टाकत नाही त्याच्या डागडुजीसाठी चर्चपट्टी भरायची ती वेगळीच.

शतक संपेपर्यंत यातलं जवळपास सगळं गेलं. १८२८ मध्ये सरकारी पदांसाठीची पंथाची अट उठली, १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंट खुलं झालं. १८३६ च्या कायद्यांनी चर्चबाहेर लग्नाची सोय केली आणि १८३७ पासून जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८५७ च्या कायद्यांनी मृत्युपत्रं आणि घटस्फोट चर्चच्या कोर्टातून दिवाणी कोर्टात नेले. १८५८ मध्ये लायनेल डी रॉथशील्ड हा पहिला ज्यू सदस्य आपल्या पद्धतीची शपथ घेऊन कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या लोकनियुक्त सभागृहात बसला. निवडून तो १८४७ पासून येत होता. १८६८ मध्ये चर्चपट्टीची सक्ती संपली, १८७१ मध्ये विद्यापीठांतली पंथाची अट गेली, १८८० मध्ये दफनभूमी मोकळी झाली, १८८८ मध्ये शपथेचा प्रश्न सुटला. ऐहिकीकरण म्हणजे तिथे प्रत्यक्षात हे होतं: एकेक वही, एकेक किल्ली आणि एकेक खुर्ची चर्चकडून काढून घेणं.

हे सगळं डार्विनमुळे झालं ना?

नाही. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. वरच्या तारखांवरून पुन्हा नजर फिरवा. कोर्टं, नोंदणी, पार्लमेंटची दारं, यातलं बरंच काही तोवर उरकलेलं होतं. विज्ञान आलं आणि धर्म पळाला ही गोष्ट सांगायला सोपी आहे, म्हणून ती टिकून आहे. १८६० साली ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स आणि डार्विनचा पाठीराखा हक्सली यांची जी खडाजंगी झाली, तिच्या रंगतदार आवृत्त्या बऱ्याचशा नंतरच्या आठवणींतून जमवलेल्या आहेत. आणि डार्विन १८८२ मध्ये गेला तेव्हा त्याला पुरलं कुठे? वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत.

चर्चच्या आतल्या माणसांना त्या दशकात जास्त झोंबलं ते वेगळंच. १८६० मध्येच सात लेखकांचा एक निबंधसंग्रह निघाला. त्यातले सहा जण खुद्द पाळक. बायबल हे इतर कुठल्याही जुन्या ग्रंथासारखं तपासून वाचावं, असा त्याचा सूर होता. दोघांवर चर्चच्या कोर्टात खटला चालला आणि ते दोषी ठरले. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीपुढे गेलं आणि १८६४ मध्ये दोघे सुटले. आपल्याकडची वतनांची आणि दत्तकाची अपिलं लंडनला जायची ती याच समितीपुढे. पाळकांनी काय मानावं याचा शेवटचा निवाडा सरकारी न्यायसमिती करते, यावर तिथल्या धर्मनिष्ठांनी भरपूर थयथयाट केला.

मग ढकललं कुणी? नास्तिकांनी?

माझं स्पष्ट मत असं की हे काम बहुतांशी भाविकांनी केलं. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, काँग्रिगेशनल, क्वेकर, युनिटेरियन अशा पंथांना मिळून तिथे नॉनकन्फॉर्मिस्ट म्हणत. (नगरच्या अमेरिकन मिशनचे मिशनरी मुख्यतः यातल्या काँग्रिगेशनल परंपरेतले, हे जाता जाता.) या लोकांना धर्म कमी नको होता, उलट आपला धर्म सरकारी धर्माइतकाच मानाने पाळता यावा अशी त्यांची मागणी होती. आता सगळ्या पंथांना सारखं वागवायचं तर सरकारला कुठल्याच पंथाच्या वहीवर विसंबता येत नाही. म्हणून वही सरकारी झाली. देवाला हटवणं हा हेतू त्यात क्वचितच सापडतो, शेजारच्या पंथाची मक्तेदारी मोडणं हा मात्र पदोपदी सापडतो.

दुसरा ढकलणारा म्हणजे सरकारची स्वतःची गरज. कारखान्यांची शहरं फुगली, पटकीच्या साथी आल्या. कोण कशाने मेलं हे कळायला हवं होतं, आणि चर्चच्या वहीत दफनाची तारीख असे, मरणाचं कारण नसे. नव्या नोंदणी कार्यालयातल्या विल्यम फार याने मृत्यूंचे तक्ते करायला घेतले. १८५४ मध्ये जॉन स्नोने सोहोतल्या पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवलं ते याच कार्यालयाच्या मृत्युनोंदींच्या आधारे. वारसाहक्क, मालमत्तेचे दावे, विमा, सगळ्यांनाच भरवशाचा दाखला हवा होता. दाखला हे ऐहिकीकरणाचं फार मोठं कारण आहे आणि त्यावर कुणी कविता करत नाही, म्हणून ते मागे पडतं.

१८३६ च्या कायद्यानंतर लोक लगेच चर्चबाहेर लग्नं करू लागले का?

कायद्यात सोय होती, पण वाट काट्यांची होती. रजिस्ट्रारसमोर लग्न करायचं तर आधी नोटीस द्यायची, आणि ती नोटीस गरीबखान्याचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या तीन साप्ताहिक बैठकांत मोठ्याने वाचली जायची. नोंदणीची नवी यंत्रणा गरीब-कायद्याच्या विभागांवरच उभी केली होती, त्यामुळे हा मेळ बसवलेला. म्हणजे कुणाला किती पाव द्यायचा, कुणाला गरीबखान्यात घ्यायचं ही चर्चा चाललेली असताना मध्येच तुमचं आणि तुमच्या होणाऱ्या बायकोचं नाव पुकारलं जाणार. अब्रूदार कुटुंबातली कोणती मुलगी याला तयार होईल? चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारली जात ती निदान ओळखीच्या माणसांत. हा वाचनाचा प्रकार १८५६ मध्ये बंद झाला.

नॉनकन्फॉर्मिस्टांच्या आपल्या प्रार्थनागृहातही लग्न लावता येऊ लागलं, पण रजिस्ट्रार हजर पाहिजे. चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकावर विश्वास, यांच्या पाळकावर नाही. ती अट १८९८ च्या कायद्याने सैल झाली. शतक संपतानाही दोन-तृतीयांशाच्या आसपास लग्नं चर्च ऑफ इंग्लंडमध्येच होत होती, आणि रजिस्ट्रार कचेरीतली १५ टक्क्यांच्या आसपास. कायदा एका रात्रीत बदलतो, पण लग्न कुठे लावायचं हे ठरवणाऱ्या आज्या-मावश्या बदलत नाहीत.

१८५१ ची ती प्रसिद्ध धार्मिक गणना काय होती?

३० मार्च १८५१, रविवार. जनगणनेच्या जोडीने इंग्लंड-वेल्समधल्या प्रत्येक प्रार्थनास्थळाकडून आकडे मागवले: सकाळी किती आले, दुपारी किती, संध्याकाळी किती, बसायला जागा किती. माहिती देणं ऐच्छिक होतं. काम पाहिलं होरेस मान या तरुण वकिलाने आणि अहवाल १८५४ च्या सुरुवातीला आला.

लोकसंख्या होती सुमारे १ कोटी ७९ लाख. दिवसभरातल्या सगळ्या प्रार्थनांची हजेरी मिळून १ कोटी ९ लाखांच्या आत. पण एकच माणूस सकाळीही येतो आणि संध्याकाळीही, हे लक्षात घेऊन मानने अंदाज बांधला की प्रत्यक्ष माणसं ७२ लाखांच्या थोडी वर असावीत. आजारी, तान्ही मुलं, कामावर अडकलेले वगळल्यावर, येऊ शकत होते पण आले नाहीत असे त्याच्या हिशेबात जवळजवळ ५३ लाख निघाले.

गदारोळ दोन गोष्टींवर झाला. देशातला निम्म्याच्या आसपास भक्तगण सरकारी चर्चचा नाहीच, हे छापून आलं. नॉनकन्फॉर्मिस्टांच्या हातात कोलीतच मिळालं. पुढची तीस वर्षं प्रत्येक भांडणात त्यांनी ते वापरलं. दुसरी गोष्ट म्हणजे गैरहजर राहिलेल्यांत कष्टकरी माणूस मोठ्या संख्येने होता. मानने त्यांना नास्तिक म्हटलं नाही. त्याच्या मते धर्माशी त्यांचं भांडण नव्हतंच, तो त्यांच्या आयुष्यात कुठे येतच नव्हता. नकळत इहवादी, अशा अर्थाचा शब्द त्याने वापरला. अहवालातलं हे निरीक्षण मला सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

अशी गणना सरकारने पुन्हा कधी केली नाही. आकडे कुणाच्या बाजूने जातील याची धास्ती चर्चला होती.

कष्टकरी चर्चला का जात नव्हते?

बसायला जागा नसे, हे एक कारण, आणि ते शब्दशः घ्या. चर्चमधली चांगली बाकं भाड्याने दिलेली असत. काहींना दार, काहींना कडीकुलूप. उरलेल्यांसाठी फुकटची बाकं मागे किंवा कडेला. आठवडाभर गिरणीच्या मालकासमोर मान खाली घालायची आणि रविवारी त्याच मालकाच्या गादीच्या बाकामागे लाकडी फळीवर बसायचं, यात कुणाला गोडी वाटणार? कपड्यांचाही प्रश्न होता. धड कोट नसेल तर जायची लाज.

शिवाय माणसं खेड्यांतून मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅमला आली ती इतक्या वेगाने की चर्चच्या जुन्या हद्दी तिथे पुरेनातच. गावात पाळक घरी यायचा, न गेल्यास विचारायचा, जमीनदाराचा डोळा असायचा. शहरात विचारणारं कुणी नव्हतं. न जाण्याचं स्वातंत्र्य आधी शहराने दिलं, विचारवंतांनी नंतर.

होलिओक कोण होता?

जॉर्ज जेकब होलिओक, जन्म १८१७, बर्मिंगहॅमच्या कारागीर घरातला. १८४२ मध्ये चेल्टनहॅमला सहकारी वसाहतींवर भाषण करत असताना श्रोत्यांतून कुणीतरी विचारलं की तुमच्या वसाहतीत देवासाठी काय सोय? लोकांची अन्नान्नदशा असताना चर्चवर होणारा खर्च त्याला जाच वाटत होता. निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना देतात तसा देवालाही अर्धा पगार द्यावा, अशा आशयाचं काहीतरी तो बोलून गेला. सहा महिने तुरुंग मिळाला.

सुटल्यावर त्याने वेगळी वाट धरली. देव आहे की नाही हा वाद बाजूला ठेवा, या जगातल्या माणसाचं भलं याच जगातल्या साधनांनी कसं होईल ते बघा, त्यात भाविक आला तरी हरकत नाही. या भूमिकेसाठी सेक्युलॅरिझम हा शब्द त्याने १८५१ मध्ये आपल्या नियतकालिकातून चालवला. पुढे सहकारी चळवळीत तो रमला. रॉचडेलच्या विणकरांच्या सहकारी दुकानाची कीर्ती पसरवण्यात त्याचा मोठा हात. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या प्रशिक्षणात रॉचडेल हे नाव हमखास येतं, पण ते गाजवणारा माणूस देवाची पेन्शन कापायला निघाला होता हे कुणी सांगत नाही.

आणि ब्रॅडलॉ? त्याच्या शपथेचं प्रकरण काय होतं?

हे जरा सविस्तर सांगावंच लागेल.

चार्ल्स ब्रॅडलॉ, जन्म १८३३, लंडनचा. धिप्पाड, आवाज खणखणीत, कायद्याचा कीडा. १८६६ मध्ये नॅशनल सेक्युलर सोसायटी काढली. होलिओकसारखा मवाळ नव्हता, उघड नास्तिक. एप्रिल १८८० मध्ये चांभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या नॉर्थॅम्प्टन शहराने त्याला खासदार केलं.

सदस्याने देवाची शपथ घ्यायची असे. ब्रॅडलॉ म्हणाला, कोर्टात साक्षीदाराला नुसती प्रतिज्ञा चालते, मलाही चालू द्या. समिती बसली आणि एका मताच्या फरकाने नाही म्हणाली. बरं, मग शपथ घेतो, असं तो म्हणाला, पण त्यातले देवाबद्दलचे शब्द माझ्या लेखी अर्थहीन आहेत, असंही त्याने वर्तमानपत्रातून जाहीर केलं. आता सभागृह म्हणालं, नास्तिकाला शपथ घेऊ देणं ही शपथेची विटंबना. म्हणजे प्रतिज्ञा नको, कारण कायद्यात नाही. आणि शपथ नको, कारण मनात नाही. २३ जून १८८० ला तो सभागृहातून हटेना तेव्हा त्याला पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोठडीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सोडलं.

मग स्वतःच्या जोखमीवर प्रतिज्ञा करून बसू दिलं. कोर्टाने ते बेकायदा ठरवलं आणि जागा रिकामी झाली. १८८१ च्या पोटनिवडणुकीत नॉर्थॅम्प्टनने त्यालाच परत पाठवलं. ऑगस्टमध्ये तो आत शिरायला गेला तर पोलिसांनी आणि शिपायांनी ओढत जिने उतरवून अंगणात आणून सोडला. अंगावरचा कोट फाटला. फेब्रुवारी १८८२ मध्ये त्याने कमालच केली. सरळ टेबलापर्यंत चालत गेला, खिशातून बायबलची प्रत काढली आणि आपली शपथ आपणच घेतली. हकालपट्टी. पुन्हा पोटनिवडणूक, पुन्हा ब्रॅडलॉ. १८८४ मध्ये आणखी एक फेरी. नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांना मी मानतो. त्यातले कितीतरी नियमाने प्रार्थनेला जाणारे होते. आमचा माणूस आम्ही निवडू, एवढाच त्यांचा मुद्दा.

१८८३ मध्ये प्रतिज्ञेला मुभा देणारं विधेयक आलं. त्याच्या बाजूने सर्वांत भारदस्त भाषण केलं ते पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी, आणि ग्लॅडस्टनइतका निष्ठावंत चर्चभक्त त्या सभागृहात शोधून सापडला नसता. नुसता कुठला तरी देव मानतो एवढ्यावर आत घ्यायचं आणि मानत नाही म्हणून अडवायचं, यात ख्रिस्ती धर्माचा काय सन्मान, असा त्यांचा रोख. विधेयक तीन मतांनी पडलं. शेवटी जानेवारी १८८६ मध्ये नव्या पार्लमेंटच्या सुरुवातीला सभापती पील यांनी कुणालाही मध्ये बोलू दिलं नाही, आणि ब्रॅडलॉने इतरांसारखी शपथ घेतली. दोन वर्षांनी त्यानेच पुढाकार घेऊन १८८८ चा शपथ कायदा मंजूर करून घेतला. आता ज्याला हवी त्याने शपथ घ्यावी, नको त्याने प्रतिज्ञा करावी.

गंमत म्हणजे हिंदुस्थानातल्या कोर्टांत हिंदू-मुसलमान साक्षीदारांना, आणि शपथेला हरकत असलेल्या कुणालाही, प्रतिज्ञेची मुभा १८७३ च्या शपथ कायद्याने दिलेली होती. आज आपले आमदार-खासदार ईश्वरसाक्ष शपथ घेतात किंवा देवाचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतात, तो पर्याय घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे.

नास्तिकांना शिक्षा होत होत्या का?

होत होत्या. जी. डब्ल्यू. फूट या संपादकाला १८८३ मध्ये बायबलवरच्या व्यंगचित्रांसाठी एक वर्षाचा तुरुंगवास झाला. अ‍ॅनी बेझंट यांचं उदाहरण आपल्याला जवळचं. ब्रॅडलॉबरोबर त्यांनी संततिनियमनाची पुस्तिका छापली, १८७७ मध्ये खटला झाला. तांत्रिक कारणावरून शिक्षा टळली, पण १८७८ मध्ये कोर्टाने त्यांची मुलगी त्यांच्याकडून काढून पाद्री नवऱ्याच्या ताब्यात दिली. आईची नास्तिकता आणि ती पुस्तिका ही त्यामागची कारणं. पुढे याच बाई थिऑसॉफीकडे वळल्या, १८९३ मध्ये हिंदुस्थानात आल्या आणि १९१६ मध्ये लोकमान्यांच्या जोडीला होमरूल चळवळीत उभ्या राहिल्या.

दफनभूमीवरून एवढी भांडणं का व्हायची?

१८७८ चा ऑगस्ट, सफोकमधलं एकेनहॅम हे छोटं खेडं. एका बाप्टिस्ट शेतमजुराचं दोन वर्षांचं मूल गेलं. बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून गावच्या चर्चचे पाळक (रेक्टर) ड्रुरी यांनी दफनविधी करायला नकार दिला. कायद्याप्रमाणे मूल चर्चच्या जमिनीत पुरता येईल, पण प्रार्थनेविना. आई-वडिलांनी इप्सविचहून विकहॅम टोझर या काँग्रिगेशनल पाळकाला बोलावलं. त्यांनी ठरवलं, फाटकाबाहेरच्या शेतात प्रार्थना म्हणू आणि मग आत नेऊन पुरू. प्रार्थना सुरू झाली आणि ड्रुरी मध्ये पडले: आधी पुरा, मग काय ते म्हणा. दोन धर्मगुरूंची तिथेच जुंपली, मुठी उगारण्यापर्यंत. पेटी फाटकाशी, आई-बाप बाजूला उभे. ड्रुरी शेवटी फाटकाला कुलूप घालून निघून गेले. लोकांनी दुसऱ्या बाजूने वाट काढून मूल पुरलं.

इप्सविचच्या वर्तमानपत्राने हे छापलं, देशभर गाजलं. ड्रुरी यांनी संपादकावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. जिंकले, पण भरपाई मिळाली ४० शिलिंग. न्यायालयाला काय वाटलं ते यातच आलं. दोन वर्षांत, १८८० मध्ये, दफन कायदा सुधारला आणि कुठल्याही ख्रिस्ती पद्धतीने किंवा कुठल्याच विधीविना चर्चच्या आवारात दफन करता येऊ लागलं.

शहरांत हा पेच आधीच सैल झाला होता, पण कारण आरोग्याचं. जुनी आवारं भरून वाहत होती, म्हणून १८५० च्या दशकातल्या कायद्यांनी शहराबाहेर सार्वजनिक दफनभूमी काढल्या आणि त्यात एक भाग चर्चने पवित्र केलेला, एक न केलेला अशी वाटणी केली.

दहनाचं पुढे आलं. १८८४ मध्ये डॉ. विल्यम प्राइस या वेल्समधल्या विक्षिप्त म्हाताऱ्याने आपल्या तान्ह्या मुलाला डोंगरावर अग्नी दिला, खटला झाला, आणि दहन बेकायदा नाही असा निकाल लागला. १८८५ मध्ये वोकिंगला रीतसर दहन सुरू झालं. युरोपात हा विषय चघळला जात असतानाच, ३० नोव्हेंबर १८७० ला, इंग्लंडहून परतताना कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज फ्लॉरेन्समध्ये वारले. वय विशीच्या आसपास. अधिकाऱ्यांकडून खास परवानगी मिळवून आर्नो नदीच्या काठी हिंदू पद्धतीने त्यांना अग्नी दिला गेला. त्यांची छत्री आजही तिथल्या बागेत उभी आहे.

शाळांचं काय?

शाळांत तडजोड झाली. १८७० च्या शिक्षण कायद्याने लोकनियुक्त मंडळांच्या शाळा निघाल्या. तिथे बायबल शिकवता येईल, पण कुठल्या एका पंथाची खास शिकवण नाही. आणि धर्माचा तास शाळेच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवायचा, म्हणजे ज्याला नको त्याला मूल उशिरा पाठवता येईल किंवा लवकर नेता येईल. वेळापत्रकाने सोडवलेला हा धर्माचा प्रश्न मला फार इंग्रजी वाटतो. चर्चच्या शाळा मात्र सरकारी अनुदानासह चालूच राहिल्या.

म्हणजे लोकांची श्रद्धा आटली का?

व्हिक्टोरियन काळात जितकी चर्चं बांधली गेली तितकी आधी कित्येक शतकांत नव्हती. रविवारच्या शाळा मुलांनी भरलेल्या असत. गरिबांत धर्मप्रचार करणाऱ्या साल्व्हेशन आर्मीचं हे नाव १८७८ चं. वसाहतींत मिशनरी पाठवण्याचा धडाका याच काळातला. तेव्हा कारभार ऐहिक होत होता आणि श्रद्धा जोरात होती, दोन्ही एकदम. रविवारी दुकानं, संग्रहालयं बंदच असत. ब्रिटिश म्युझियम रविवारी उघडायला १८९६ उजाडलं, आणि त्यासाठी संघटनांना चाळीसेक वर्षं झगडावं लागलं. लोकसंख्येच्या मानाने चर्चची हजेरी खाली यायला लागली ती शतकाच्या अखेरच्या दशकांत. म्हणून श्रद्धा आटली आणि मग कायदे बदलले, हा क्रम मला पटत नाही.

बाकी युरोपात असंच झालं का? गोव्यात?

फ्रान्समध्ये भांडण थेट चर्चशी होतं. नागरी नोंदणी १७९२ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीतच. सरकारी शाळांतून धर्माचा तास १८८२ मध्ये बाद. आणि चर्च-सरकार फारकत १९०५ मध्ये. जर्मनीत बिस्मार्कने कॅथलिकांशी पंगा घेतला, त्यात १८७५ मध्ये नागरी विवाह सक्तीचा झाला.

गोव्यावर परिणाम झाला तो पोर्तुगालमधल्या घडामोडींचा. तिथे यादवी युद्धात उदारमतवादी जिंकले आणि मे १८३४ मध्ये मंत्री अगियार यांनी पुरुषांचे सगळे मठ बरखास्त करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. लोकांनी त्यांना साधूमारू अशा अर्थाचं टोपणनावच दिलं. १८३५ मध्ये गोव्यातले मठ ओस पडले. जुन्या गोव्याच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा मोडका बुरूज दिसतो, तो याच निर्णयाचा अवशेष: सोडून दिलेल्या चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, दर्शनी भाग आणि बुरुजाचा अर्धा भाग १९३१ मध्ये. बाकी, १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८६९ च्या हुकमाने गोव्यालाही लागू झाली आणि १८८० मध्ये हिंदूंच्या रूढींची वेगळी संहिता आली. आजच्या गोव्याच्या समान कायद्यावर वाद घालणाऱ्यांनी ही दुसरी तारीखही ध्यानात ठेवावी.

महाराष्ट्राशी याचा थेट संबंध काय?

डिसेंबर १८८९ मध्ये ब्रॅडलॉ मुंबईला आला, काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनाला. अध्यक्ष होते विल्यम वेडरबर्न, आणि १८८९ सालच्या त्या अधिवेशनाला प्रतिनिधीही १८८९ जमले. पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानचे प्रश्न तो इतक्या चिकाटीने मांडायचा की त्याला हिंदुस्थानचा खासदार म्हणत. जानेवारी १८९१ मध्ये तो वारला. त्याला अडवणारा जुना ठराव कामकाजाच्या नोंदीतून खोडून टाकायचं सभागृहाने ठरवलं ते तो मरणशय्येवर असताना, अवघे काही दिवस आधी. त्याच्या दफनाला लंडनमधले बरेच हिंदी विद्यार्थी गेले होते. त्यात मोहनदास गांधीही होते.

विचारांच्या बाजूने आगरकरांचं नाव घ्यावंच लागतं. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत त्यांनी पचवले होते, आणि १८८८ मध्ये सुरू केलेल्या 'सुधारक'मधून देव, विधी, सोवळं यांची त्यांनी बुद्धीच्या कसोटीवर चिरफाड केली. पुण्याने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पण इंग्लंडचा साचा इथे जसाच्या तसा बसत नाही. इथे सरकारी चर्च नव्हतं, तोडायची मक्तेदारी जातीची आणि पुरोहिताची होती. सत्यशोधक समाज १८७३ चा. भटजीशिवाय लागलेली त्याची लग्नं म्हणजे माझ्या मते इथलं खरं ऐहिकीकरण, जरी जोतीरावांनी निर्मिक मानला तरी. तिकडे काम भाविकांनी केलं आणि इकडेही पुष्कळसं तसंच.

१८७२ चा नागरी विवाहाचा कायदा मात्र विचित्र होता. ब्राह्मो मंडळींच्या खटपटीने तो आला, पण त्याखाली लग्न करणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कुणीच नाही असं लिहून द्यावं लागे. धर्म न सोडता नोंदणी विवाह करायची सर्वांना मोकळीक मिळाली ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने.

मग ब्रिटन आज कायद्याने धर्मनिरपेक्ष आहे?

नाही. वेल्समध्ये चर्चचा सरकारी दर्जा १९२० मध्ये गेला, आयर्लंडमध्ये त्याआधीच १८७१ मध्ये. इंग्लंडमध्ये तो अजून आहे. राजा चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख, लॉर्ड्समध्ये २६ बिशप, कॉमन्सची बैठक रोज प्रार्थनेने सुरू होते. फूटला ज्या गुन्ह्यासाठी तुरुंगात टाकलं, तो ईशनिंदेचा गुन्हा इंग्लंड-वेल्सच्या कायद्यातून २००८ मध्ये काढला.